दुपारची साखर

“बोट दे, आई.”

आईनं डाव्या हाताची करंगळी पुढं केली आणि डोळे मिटून घेतले. बाकीच्या बोटांची टोकं टोचून टोचून काळपट झाली होती. मी सुई मारली, थेंब पट्टीवर घेतला.

“एकशे अडतीस.”

“बरं हाय का?”

“सकाळचं बरंच असतं तुझं. दुपारचं बघू.”

दुपारचं म्हटल्यावर तिनं बोट पदराला पुसलं. मी कोमट पाण्याचा पेला तिच्यापुढं ठेवला, गुडघ्याची पुडी सोडून तिच्या तळहातावर ओतली. तिनं ती तोंडात टाकली, वर घटाघट पाणी प्यायली आणि हाताचा आधार न घेता पाटावरून उठली. तिला तसं उठताना बघून मला रोज बरं वाटायचं. तीस वर्षं शिलाई मशीनची पायटी मारून तिचे दोन्ही गुडघे गेले होते. वडील मी सातवीत असताना गेले. त्यानंतर परकर-पोलकी शिवून तिनं मला लॅबचा डिप्लोमा करायला लावला. या पुड्या सुरू केल्यापासून ती पुन्हा विठ्ठलाच्या देवळाच्या पायऱ्या चढायला लागली होती.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. विट्याच्या बसस्थानकासमोर माझी रक्त-लघवी तपासणीची लॅब होती. गावातल्या निम्म्या लोकांची साखर मला पाठ होती. माझी स्वतःची त्याच्या दोन वर्षं आधी तीनशेवर गेली होती. मी भाकरी, भात, गूळ, बटाटा सगळं बंद केलं, सोळा किलो वजन उतरवलं आणि गोळ्यांशिवाय साखर ताळ्यावर आणली. लोक विचारायला लागले. मग दर रविवारी सकाळी लॅबच्या वरच्या खोलीत पन्नासेक माणसं जमायची. मी त्यांना काय खायचं, काय नाही ते सांगायचो. “बोत्रे सरांनी भाकरी सोडवली,” असं लोक म्हणायचे. मला सर म्हणणारी ती पहिलीच माणसं.

आईची साखर तशी थोडीशीच होती, एका गोळीत भागायची. पण फेब्रुवारीत मी ठरवलं की तिचीही गोळी सोडवायची. भाकरी बंद, भात बंद. सकाळी पनीर किंवा अंडं, दुपारी पालेभाजी, काकडी आणि ताक, संध्याकाळी शेंगदाणे आणि भाजी.

“अंडं?” माझी बायको संजीवनी म्हणाली होती. “अहो, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे.”

“शरीरापेक्षा माळ मोठी आहे का?” मी म्हणालो.

आईनं वाद घातला नाही. दोन दिवसांनी तिनं माझ्यासमोर उकडलेलं अंडं खाल्लं, पाण्याच्या घोटाबरोबर, औषधासारखं. तिच्या गळ्यात माळ नाही हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

मार्चमध्ये तिची साखर उतरायला हवी होती. ती चढली. दुपारी तीनला संजीवनी घरी आली की मोजायची, दोनशे चाळीस. एप्रिलमध्ये दोनशे नव्वद. मी यंत्र बदललं, पट्ट्या बदलल्या, शिरेतलं रक्त लॅबमध्ये स्वतः तपासलं. आकडा तोच. सकाळी मात्र साखर बरी असायची. हे मी दोन महिने घोळवत राहिलो. रात्रभर घरात आम्ही असतो, तेव्हा ती चांगली राहते. साडेसातला मी लॅबला जातो, दहाला संजीवनी शाळेच्या ऑफिसात कामाला जाते, तीनपर्यंत आई घरात एकटी असते. आणि साखर वाढते ती नेमकी दुपारी. याचा अर्थ एकच होता. मला तर त्यात शंका घ्यायला जागाच दिसत नव्हती.

“आई, दुपारी काय खातेस तू?”

“संजूनं झाकून ठिवल्यालं असतंय, त्येच.”

“आणखी?”

“आनखी काय न्हाई रं.”

“मग साखर कुठून येते?”

“मला काय ठावं? तूच शिकल्याला.”

एक गोष्ट खरी होती. तिला भूक फार लागायची. पूर्वी अर्ध्या भाकरीत उठणारी बाई, आता ताटातली भाजी संपली तरी बसून राहायची. संजीवनी पोळ्या लाटायला लागली की आई बाहेर अंगणात जाऊन बसायची. मी ते बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो, हिला जिभेवर ताबा राहिला नाही. शिवाय तिचा चेहरा भरला होता. गाल वर आले होते, हनुवटीखाली मांस चढलं होतं. रविवारच्या मंडळींतले दोघं-तिघं म्हणाले, “आईंची तब्येत सुधारली बरं का, सर.” मला ते टोमण्यासारखं लागलं. पन्नास लोकांना शिकवणाऱ्याच्या घरात त्याची आई चोरून खाते आणि गालानं दाखवते.

डॉक्टरांकडं मी तिला नेलं नाही. नेलं असतं तर त्यांनी इन्सुलिन लावलं असतं. मग रविवारी वरच्या खोलीत मी काय तोंडानं बोलणार होतो?

मे महिन्यात एका मंगळवारी मी न सांगता दुपारी दोनला घरी आलो. आई खाटेवर आडवी होती. मला बघून गडबडीनं उठली आणि पदर सावरायला लागली.

“बोट दे.”

तीनशे बारा.

“काय खाल्लंस?”

“जालिंदर, देवाशपथ...”

“देवाला मधी आणू नको. काय खाल्लंस ते सांग.”

 मी स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून बघितला. गुळाची ढेप आम्ही कधीच घरातून काढली होती. मग मी देवघर बघितलं, तिची गादी उलटली, आणि शेवटी तिची पत्र्याची पेटी ओढली. तळाशी, शिवून उरलेल्या चिंध्यांखाली, एका जुन्या पोलक्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं सापडलं. सोडलं. आत पेढे, बत्तासे, साखरफुटाणे, खोबऱ्याच्या वड्या. पसाभर तरी असतील.

“हे काय आहे?”

“परसाद हाय रं. देवळात देत्यात. न्हाई कसं म्हनायचं देवाला? आनि टाकवंना बी.”

“म्हणून पेटीत लपवलंस?”

“खाल्लं न्हाई म्या.”

तेवढ्यात संजीवनी शाळेतून आली. दारातच थांबली. मग खाली बसून तिनं एक पेढा उचलून बघितला, एक वडी बघितली.

“अहो, हे सगळं वाळून खडा झालंय,” ती म्हणाली. “एकाचाही तुकडा मोडलेला नाही. हे खाण्यासाठी ठेवलेलं नाही.”

“खाल्लेले इथं कसे दिसतील?” मी म्हणालो.

संजीवनीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी नजर फिरवली. आई भिंतीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. फार हळू आवाजात म्हणाली, “माळ उतरून ठिवली रं म्या, तुझ्या अंड्यापायी. आनि पेढा खाऊन तुला फशिवनार व्हय?”

 मी आवाज चढवला. काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. “यंत्र खोटं बोलत नाही, आई. म्हणजे कोण खोटं बोलतंय?”

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या कपाटाला आणि फ्रिजला कुलूप लावलं. तिचं दुपारचं जेवण बाहेर टेबलावर काढलेलं असायचं. आईनं देवळात जाणं बंद केलं. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, “उन्हाचं जाववंना.”

कुलूप लागलं तरी दुपारचा आकडा खाली आला नाही. मला वाटलं, शेजारच्या कुणीतरी हिला देत असणार. तिच्या हातांवर जांभळे डाग उठले होते, नुसतं कुठं टेकलं तरी उठायचे. ते मला दिसत होते. पण मी आकड्यांच्या मागं होतो.

शेवटी मी आप्पामामाला फोन केला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एसटीत ड्रायव्हर होता, निवृत्त होऊन भिवघाटाच्या पुढं मळ्यात राहत होता. वस्तीवर आजूबाजूला दुकान नाही, शेजार नाही. मामा आणि मामी दिवसभर घरीच. मी म्हणालो, “आईला आठ दिवस ठेवून घे. मी सांगतो तेवढंच द्यायचं. आणि एक मिनिट एकटं सोडायचं नाही.”

“आरं, भैन हाय का कैदी?” मामा हसत म्हणाला.

शनिवारी सकाळी मी तिला पुडी दिली आणि गाडीवर बसवून मळ्यात सोडून आलो. बरोबर यंत्र, पट्ट्या, पनीर, शेंगदाणे, काय कधी द्यायचं त्याचा कागद. पुड्या तेवढ्या नेल्या नाहीत. चारच उरल्या होत्या, आणि मी विचार केला, तिथं काही पायऱ्या नाहीत, आठ दिवस चालतंय.

मामाला मी यंत्र वापरायला शिकवलं होतं. रविवारी दुपारी त्याचा फोन आला. दोनशे तीस. सोमवारी एकशे ऐंशी. मंगळवारी एकशे बावीस.

एकशे बावीस! दुपारची साखर! चार महिन्यांत असा आकडा मी बघितला नव्हता. मी लॅबमधून उठून घरी गेलो, खास संजीवनीला सांगायला.

“बघ. तीन दिवस कुणी राखण केली तर कशी झटक्यात उतरली. आता तरी पटलं का?”

संजीवनी भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “त्या कशा आहेत विचारलंत का?” एवढंच म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. पण मामानं आपणहून सांगितलं होतं. “जालिंदर, आक्का नुसती पडून असती बाबा. काय खाईना. मळमळतंय म्हनती. दिल्यालं बी माघारी देती.”

“ढोंग आहे, मामा,” मी म्हणालो होतो. “गोड मिळत नाही म्हणून. देऊ नको काही.”

बुधवारी सकाळी साडेदहाला मामाचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. आईला पहाटेपासून उलट्या होत होत्या. अंग गार पडलं होतं. मामाला ती ‘दादा’ म्हणत होती, त्यांच्या लहानपणीच वारलेल्या भावाच्या नावानं. साखर बघितली तर एकसष्ट.

“जीपमध्ये घाल आणि मिरजेला आण,” मी ओरडलो. “मी तिकडं पोचतो.”

मिरजेच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तिला आत घेतलं होतं. रक्तदाब सत्तरच्या खाली. दोन्ही हातांना सलाइन लावलेलं. डॉ. मुजावर म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या, बोलायला अगदी शांत. त्यांनी आईचा चेहरा वळवून बघितला, दंडावरचे डाग बघितले, मानेमागं हात घालून चाचपलं. मग माझ्याकडं वळल्या.

“तुम्ही मुलगा?”

“हो. माझी लॅब आहे. त्यांचे सगळे रिपोर्ट आणलेत मी.” मी फाईल पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

“गुडघ्यासाठी, संधिवातासाठी काही घेत होत्या का? इंजेक्शन? गोळ्या?”

“नाही.”

“पुडी वगैरे?”

“पुडी होती. पण ती झाडपाल्याची आहे. राज्याच्या सीमेपलीकडं एक माणूस देतो. लांबलांबून लोक येतात त्याच्याकडं.”

“आराम पडला का?”

“लगेच. आठवड्यात.”

“कधी सुरू केली?”

“फेब्रुवारीत.”

“आणि साखर कधीपासून वाढली?”

मी हातातल्या फाईलीकडं बघितलं. त्या थांबल्या होत्या, म्हणून शेवटी म्हणालो, “मार्चपासून.”

“शेवटची पुडी कधी दिली?”

“शनिवारी सकाळी.”

“रोज सकाळीच?”

“हो.”

“त्या स्वतः घेत होत्या की कुणी देत होतं?”

“मी,” मी म्हणालो. “मी देत होतो.”

त्यांनी नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं. मग मला बाजूला घेऊन, उभ्या उभ्याच समजावून सांगितलं. असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं दुखणं जादूसारखं थांबतं, भूक पेटते, चेहरा सुजतो, कातडी पातळ होते आणि साखर वाढते. अंगाला त्याची सवय झाली की अंग स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं. मग एके दिवशी ते अचानक बंद केलं की माणूस असा कोसळतो. जे अंगातून गेलं आहे तेच आधी परत द्यायचं, मग महिनोन्महिने हळूहळू कमी करायचं.

“पण तिला भाकरी-भात काहीच नव्हतं,” मी म्हणालो. “गूळसुद्धा नाही.”

“त्याचा काय उपयोग? साखर फक्त ताटातून येत नाही. लिव्हर स्वतः तयार करून रक्तात सोडतं. स्टेरॉइड त्याला थांबू देत नाही, आणि शरीरातलं इन्सुलिन लागू पडू देत नाही. तुम्ही त्यांना उपाशी ठेवलं असतं तरी ती वाढली असती.”

“आणि दुपारीच का?”

“सकाळी घेतलेल्या डोसचा जोर दुपारी चढतो. पहाटेपर्यंत उतरतो. अगदी ठरलेलं असतं.”

“म्हणजे ती खात नव्हती.”

डॉक्टरांना माझं बोलणं कळलं नाही. “कोण? काय खात नव्हतं?” त्या म्हणाल्या.

पुढं उरलेल्या चार पुड्यांतली एक मी पुण्याला तपासायला पाठवली. डॉक्टरांचंच खरं निघालं. पण अहवाल यायच्या आधीच मला पटलं होतं. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी फाईल उघडली आणि चार महिन्यांचे आकडे बघितले. प्रत्येक दुपारच्या आकड्याच्या आधी, त्याच सकाळी, माझा हात होता.

आई तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागली. मामा चहा आणायला गेला होता. मी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली.

“आई, ती पुडी होती. मी देत होतो ती. त्यानं साखर वाढत होती. तुझं काही चुकलं नव्हतं.”

ती छताकडं बघत राहिली. मला वाटलं, तिला समजलं नाही. पुन्हा सांगायला लागलो, तेव्हा तिनं हात वर केला.

“मंजी म्या खाल्लं न्हाई?”

“नाही आई.”

“खरंच न्हाई?”

“तुला माहीत नाही का, तू खाल्लं नाहीस ते?”

“तू म्हनायचास, यंत्र खोटं बोलत न्हाई. शिकल्यालं लेकरू कशाला खोटं सांगंल? मग म्या म्हनलं, झोपंत उठून खात असंन. म्हातारपनी व्हतंय म्हनं असं. खायाचं आनि इसरायचं.” तिनं ओठांवरून जीभ फिरवली. “म्हनून दुपारी पडायच्या आधी पदर मशीनच्या पायाला बांधायची. गाठीवर गाठ मारून. उठले तर वढ बसंल, जाग यील. उठल्यावर बघायची. गाठ तशीच असायची रं. तरी साखर निघायचीच.”

मी तिचा हात धरला होता. तो मी सोडून दिला. त्या हाताला हात लावायचं मला धाडस होईना.

आई बरी झाली. औषध सहा महिने उतरवत न्यावं लागलं. गुडघे पुन्हा दुखायला लागले, गाल ओसरले, साखर एका गोळीवर आली. डॉ. मुजावर म्हणाल्या, दोन वेळेला अर्धी भाकरी खुशाल खाऊ द्या. कुलपं मी मिरजेहून आल्या दिवशीच काढून टाकली होती. रविवारच्या मंडळींना वेळ मिळत नाही असं सांगितलं. खरं कारण त्यांना कधीच सांगितलं नाही. माझी पद्धत अजून पाळणारे लोक रस्त्यात भेटतात, आभार मानतात.

घरी आल्यावर पहिल्या जेवणाला संजीवनीनं आईच्या ताटात ज्वारीची अर्धी भाकरी वाढली. आईनं ताटाला हात लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, “खाऊ का?”

“खा की. विचारायचं काय त्यात?”

तिनं खाल्लं. संध्याकाळी पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी हात जोडले, रागावलो, विनवलं. ती म्हणायची, “बरं, न्हाई इचारत.” आणि पुढच्या ताटावर विचारायची. मी परगावी असलो की संजीवनीला फोन लावायला सांगायची. केळ्याच्या फोडीला, चहाला, तापात दिलेल्या पेजेला. सात वर्षं. पुढं पुढं तिला ऐकू कमी यायला लागलं. तेव्हा ती तोंडानं विचारायची थांबली, नुसती बघायची.

ती जायच्या आदल्या वर्षी आप्पामामाच्या नातवाचं लग्न होतं. मळ्यातच मांडव घातला होता. बायकांची पंगत एका बाजूला, पुरुषांची समोर. वाढून झालं, श्लोक झाला, सगळ्या बायका जेवायला लागल्या. आई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती. इकडंतिकडं, माणसांच्या गर्दीत मला शोधत होती. तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “का हो आक्का, जेवत का न्हाईसा?”

मामीनं मोठ्यानं सांगितलं, “त्यास्नी लेकाला इचारल्याबगार घास जात न्हाई. लई काळजी घेतो तो त्यांच्या खान्याची.”

“नशीब लागतंय असा लेक मिळायला,” ती बाई म्हणाली. आजूबाजूच्या बायका वळून माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या.

आईला मी दिसलो. तिनं पानावरच्या जिलबीकडं बोट केलं आणि भुवया वर केल्या.

सगळ्या पंगतीसमोर मी मान हलवली. हलवली नसती, तर ती जेवलीच नसती.